जबाब दुरुस्तीचे शुल्क

४ मार्च, मंगळवार

काल सकाळी पावणेअकराला थोरलीचा उजवा हात रोलरमध्ये गेला. जे झालं ते आजच लिहून ठेवते. चार दिवस गेले की माणसं आपापल्या सोयीने सांगू लागतात.

आमच्या लॉन्ड्रीत अकरा बायका आहेत, त्यांत या दोन बहिणी. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. खरी नावं फक्त पगारपत्रकात. थोरली एकोणीस वर्षं रोलरवर आहे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या ओल्या चादरी दोघी दोन कोपरे धरून तापलेल्या रोलरला लावतात, पलीकडून चादर कोरडी आणि कडक होऊन बाहेर येते. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी आहे. हाताचा धक्का लागला की दांडी मागे सरते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. काल दांडी बांधलेली होती. जाड शिवण आली तरी ती रोलर थांबवते, तासाला पंधरा-वीस वेळा. सगळ्याच लॉन्ड्र्यांत बांधतात.

मी डाग काढायच्या टेबलापाशी होते. किंकाळी वगैरे काही ऐकू आली नाही. धाकटीने "बाई" अशी हाक मारली, पण ती नेहमीची हाक नव्हती. मी मुख्य बटण बंद केलं. रोलर उलटा फिरवायचं हातचाक आहे, ते मी आणि धाकटीने मिळून फिरवलं. थोरली तोवर उभीच होती. हात बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, चादर खराब झाली."

चादर मी संध्याकाळी बघितली. रक्ताला गार पाणी लागतं, गरम लागलं की डाग बसतो. ही तर रोलरमधूनच आलेली. टाकून दिली.

५ मार्च, बुधवार

इस्पितळात भावजी गेले होते. भावजी म्हणजे माझे दीर. हे गेल्यापासून आठ वर्षं आतलं काम मी पाहते आणि बाहेरचं ते: बँक, विमा, गिऱ्हाइकं. माणूस गोडबोल्या आहे, हिशेबात कच्चा, पण लोकांशी त्यांचं जमतं. माझं जमत नाही.

म्हणाले, विमा कंपनी हल्ली थेट दावा घेत नाही. मध्ये एक दावा सेवा असते. तिच्याकडे नोंद करायची, जखमी माणसाचा जबाब त्यांचा माणूस जागेवर येऊन लिहून घेतो, आणि पुढे सगळं तीच बघते. शुल्क आपल्या खात्यातून परस्पर वळतं होतं. नोंदणीचे पाचशे आजच गेले. थोरलीचा जबाबही आजच झाला. मी विचारलं, इतक्या लवकर, ती बोलण्याच्या स्थितीत होती का. म्हणाले, "वहिनी, कागद ताजा असतो तोवरच नीट बसतो. मी होतो ना तिथे."

कागद नीट करा, असं मीच सकाळी त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे जास्त विचारलं नाही.

९ मार्च, रविवार

इस्पितळात गेले. चार बोटं काढली. अंगठा ठेवला आहे. डॉक्टर म्हणतात, अंगठा आहे हे नशीब. मी त्यांना विचारलं, चार बोटांशिवाय अंगठा कशाला टेकवायचा. ते म्हणाले, हळूहळू कळेल.

थोरली डाव्या हातात पेन्सिल धरून औषधाच्या वेष्टनावर स्वतःचं नाव गिरवत होती. माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक बाईला मी सही शिकवली आहे. पगाराच्या वहीत अंगठा मी उठवू देत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. मी म्हटलं, शाबास. ती हसली. मग म्हणाली, "धाकट्या मालकांनी सांगितलं तसंच बोलले मी, बाई."

मी तिला पडून राहायला सांगितलं. बोलून दम लागत होता.

दांडी कोणी बांधली होती हे मला नक्की आठवत नाही. फाटक्या चादरीच्या पट्टीने बांधली होती, अशा पट्ट्या लॉन्ड्रीत ढिगाने पडलेल्या असतात. कोणीही बांधली असेल.

१५ मार्च, शनिवार

रोलर बंद. चादरी हाताने इस्त्री करतो आहोत. दिवसाला तीनशे ऐवजी साठ. मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकाने तीनदा फोन केला, चौथ्यांदा केला तेव्हा आवाजातली साखर संपली होती. दोन इस्पितळांनी काम दुसरीकडे दिलं.

संध्याकाळी धाकटी आली. उभीच राहिली. हाताचे पैसे मिळणार का, एवढंच विचारत होती. दावा सेवेच्या खिडकीवर जाऊन आली म्हणे, त्यांनी सांगितलं औषधपाण्याचा खर्च मिळेल, हाताचं काही नाही. मी म्हटलं, खिडकीवरच्या पोरांना काय कळतं, कागद वर जाऊ दे. मार्चचा पूर्ण पगार दोघींना देणार असं सांगितलं. भावजी अर्धा द्या म्हणत होते, मी ऐकलं नाही. धाकटीने मान हलवली आणि म्हणाली की ताई विचारत होती, बाईंना सगळं ठाऊक आहे ना.

मी म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे. लॉन्ड्रीतलं मला ठाऊक नाही असं काय आहे.

१ एप्रिल, मंगळवार

बँकेचा उतारा आला. दर महिन्याला मी तो पेन्सिल घेऊन ओळीओळीने तपासते. यावेळी चार ओळी अनोळखी.

१२ मार्च, जबाब दुरुस्ती, ३२०. १८ मार्च, जबाब दुरुस्ती, ३२०. २५ मार्च, जबाब दुरुस्ती, ३२०. त्याच दिवशी तातडीची नोंद, १५०. एकूण अकराशे दहा. सगळे त्या दावा सेवेच्या नावे.

आम्ही कोणी काही दुरुस्त केलेलं नाही. मी तर जबाब दिलेलाच नाही. भावजींना विचारलं. त्यांनी उतारा हातात घेऊन बराच वेळ बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. म्हणाले, मला काही कल्पना नाही. बहुतेक लुबाडतात, वहिनी. आजारी माणूस आणि बंद यंत्र दिसलं की हे लोक हात धुऊन घेतात.

२ एप्रिल, बुधवार

सेवेला फोन. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी आली, तिने आधी माझा दिवस छान जावो अशी इच्छा व्यक्त केली. मी म्हटलं, दिवसाचं माझं मी बघते, तू शुल्काचं सांग.

तिने शांतपणे सांगितलं, वैतागली नाही हे मान्य करायला हवं. दाव्यातला जबाब कोणी बदलला की दर खेपेला शुल्क पडतं आणि ते ज्याच्या नावाचा विमा आहे त्याच्या खात्यातून जातं. कोणी बदलला हे ती सांगणार नाही, नियमात बसत नाही. मी विचारलं, माझ्या खात्यातून पैसे जातात आणि कोणाच्या कामाचे हे मला कळणार नाही, हा कुठला नियम. ती म्हणाली, मॅडम, तुम्हाला मान्य नसेल तर लेखी आक्षेप घ्या. आक्षेप मंजूर झाला तर पैसे परत.

मी तिला विचारलं, आणि दुसरं काय होईल. ती म्हणाली, ते पत्रात येईल.

३ एप्रिल, गुरुवार

आक्षेपाचं पत्र लिहिलं. तीन परिच्छेद, एकही विशेषण नाही. या व्यवहारांना माझी संमती नव्हती व नाही. अशा कोणत्याही दुरुस्तीची मी मागणी केलेली नाही. सबब शुल्क परत करून संबंधित नोंदी रद्द कराव्यात. भावजींना वाचून दाखवलं. भलतेच खूश झाले. "वहिनींनी पत्र लिहिलं की टपालपेटीसुद्धा ताठ उभी राहते," म्हणाले. शेवटचं ते वाक्य, नोंदी रद्द कराव्यात, ते त्यांनीच सुचवलं होतं. चांगलं वाक्य आहे. नुसते पैसे परत मागितले तर पुढच्या महिन्यात परत वळते करतील.

एरवी भावजींना पत्र वाचून दाखवलं की जांभई देतात. आज ते स्वतः जाऊन देऊन आले.

९ एप्रिल, बुधवार

अकराशे दहा परत. सहा दिवसांत. भावजींनी सगळ्या बायकांना चहा दिला आणि माझं कौतुक केलं. धाकटी नव्हती. ती दोन आठवडे झाले, रोलर बंद म्हणून घरीच आहे, ताईचं बघते.

माणसाने आपल्या हक्काचं सोडू नये. रक्कम किती हा प्रश्न नसतो.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी फोनवर एक संदेश: 'आक्षेप मागे घेण्यास ७ दिवस बाकी.' मी आक्षेप मागे कशाला घेऊ. पुसून टाकला.

अकराच्या टपालाने जाड पाकीट आलं. रद्द झालेल्या नोंदी खातेदाराला परत पाठवतात म्हणे. वर कायम राहिलेल्या जबाबाची प्रत, खाली तीन कागद, तिन्हींवर तिरका लाल शिक्का: रद्द.

कायम राहिलेला जबाब ५ मार्चचा. थोरलीचा. 'रोलरची दांडी मी स्वतः, कोणालाही न विचारता बांधली होती.' खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

पहिली दुरुस्ती: 'दांडी कोणी बांधली ते मला आठवत नाही.' दुसरी: 'दांडी आधीपासून बांधलेलीच असायची, सगळ्यांना माहीत होतं.' तिसरी, तातडीची: 'दांडी मालकीणबाईंच्या सांगण्यावरून बांधली. मी विचारलं होतं.'

या तिन्हींखाली अंगठा नाही. सही आहे. डाव्या हाताची, उतरत गेलेली, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. पण सही.

पाकिटातलं पत्र असं: ज्या दुरुस्त्यांचं शुल्क परत गेलं त्या दुरुस्त्या दाव्यातून निघाल्या. आता जबाब पहिलाच धरला जाईल आणि जखमीला तो पुन्हा बदलता येणार नाही. खातेदाराने १६ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत समक्ष येऊन आक्षेप मागे घेतला तरच दुरुस्त्या पुन्हा लागू होतील. त्यानंतर दावा बंद.

हॉटेलच्या साठ चादरी जायच्या होत्या. त्या पाठवल्या.

११ एप्रिल, शुक्रवार

६ दिवस बाकी.

भावजींना पाकीट दाखवलं. त्यांनी नाटक केलं नाही, एवढं बरं. खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. दांडी तिने आपण होऊन बांधली असेल तर तिला फक्त औषधपाणी, आणि आपल्याला रोलरची दुरुस्ती व बंद दिवसांचे पैसे. आपण बांधायला लावली असेल तर विमा कंपनीला तिच्या हाताची पूर्ण भरपाई द्यावी लागते. तिच्या साधारण सहा वर्षांच्या पगाराएवढी होते. त्यातला अर्धा वाटा कंपनी मग आपल्याकडून वसूल करते. आणि लॉन्ड्रीचा परवाना तपासणी होईपर्यंत बंद.

मी विचारलं, अंगठा तुम्ही घेतलात का. म्हणाले, तिच्या हातात पेन धरायचं बळ नव्हतं, वहिनी. अकरा घरं आहेत लॉन्ड्रीवर. तिला मी एवढंच म्हटलं, तू आत्ता सांभाळून घे, बाई तुला बघतील.

"आणि मी कशी बघणार होते?"

"ते तुमच्यावर सोडलं होतं."

हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. ते मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, तुम्ही विचारलंही नव्हतं.

लिहून टाकते. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मोठ्या हॉटेलचं काम दुप्पट झालं. रोलर सारखा थांबायचा, चादरी साचायच्या. एका दुपारी मी स्वतः जुन्या चादरीची पट्टी फाडली, थोरलीच्या हातात दिली आणि म्हटलं, दांडी बांधून टाक. ती पट्टी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, मग हा थांबणार कसा?"

मी म्हटलं, "थांबायचं कशाला?"

सगळ्या हसल्या होत्या. तीसुद्धा.

१२ एप्रिल, शनिवार

५ दिवस बाकी. संदेश रोज सकाळी आठला येतो.

पत्र लिहिलं. आक्षेप मागे घेते, आणि माझा स्वतःचा जबाब, तीन पानं. पट्टी मी दिली, शब्द काय होते, कोण कोण हजर होतं, सगळं. एकही खाडाखोड नाही. कॉलेजात रसायनाच्या प्रयोगवहीत असं लिहायचो: काय घेतलं, काय केलं, काय झालं. भावना लिहायला जागाच नसायची. बरं असायचं.

सेवेचं कार्यालय शनिवारी एकपर्यंत उघडं असतं. पत्र पुरं झालं तेव्हा साडेबारा. पंधरा मिनिटांचा रस्ता आहे, पण असलं काम धावतपळत करू नये. उद्या रविवार. सोमवारी पहिलं काम हेच.

१४ एप्रिल, सोमवार

३ दिवस बाकी.

रोलरचा मिस्त्री न कळवता आला. त्याला सोडून जाणं शक्य नव्हतं. दिवसभर त्याच्या डोक्यावर उभी राहिले. तो म्हणाला, बाई, तुम्ही बसा, यंत्र पळून जात नाही. मी म्हटलं, यंत्राची नाही, तुझी भीती आहे.

रोलर फिरतो आहे. नवी दांडी बसवली, ही बांधताच येत नाही अशी आहे. पूर्वीच बसवता आली असती, मिस्त्री म्हणाला, फार महागही नाही.

भावजी दुपारी येऊन गेले. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. टेबलावर होतं, त्यांनी बघितलं. जाताना म्हणाले, "तुम्ही जे कराल ते बरोबरच असतं, वहिनी." यात टोमणा होता की नाही हे मला ठरवता आलं नाही.

अकरा घरं ही गोष्ट खोटी नाही. कपडे पिळणारीचा मुलगा यंदा शिक्षण संपवतो आहे. गाठोडी बांधणारी एकटी आहे, तिला दुसरीकडे या वयात कोण घेणार. आणि मी. या वयात मी काय करणार, हाही प्रश्न आहेच. तो शेवटी लिहिला आहे, पण मनात आधी आला होता. खरं ते लिहावं.

१५ एप्रिल, मंगळवार

२ दिवस बाकी.

हॉटेलचा व्यवस्थापक काम परत द्यायला तयार आहे, रोज दोनशे चादरी. त्याच्याशी दर ठरवण्यात चार वाजले. मग गुडघा दुखू लागला, शेकावा लागला. सहाला कार्यालय बंद होतं. साडेपाचला निघाले होते, चपला घातल्या होत्या. पिशवीत पत्र होतं. दारातून परत आले. शेवटच्या अर्ध्या तासात तिथली माणसं घरी जायच्या घाईत असतात, नीट ऐकून घेत नाहीत. त्यापेक्षा उद्या सकाळी.

१७ एप्रिल, गुरुवार

आज सकाळी दहाला कार्यालयात गेले. दार उघडायच्या आधीच पोचले होते.

खिडकीवर एक बाई होती, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, चष्म्याची दोरी गळ्यात. तिने पत्र घेतलं, तिन्ही पानं वाचली. वरवर नाही, नीट वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मुदत काल सहाला संपली, मॅडम."

मी तिला सांगितलं की मुदतीचे असे काटेकोर तास लावायला ही काही परीक्षा नाही. एका माणसाच्या हाताचा प्रश्न आहे. सोळा तासांनी काय बिघडतं. ती म्हणाली, काल पावणेसहाला आला असतात तरी घेतलं असतं, मी इथेच होते. मी म्हटलं, काल मला जमलं नाही. ती हो म्हणाली. कसं काय, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

उशिरा आलेला जबाब शुल्क भरून नोंदवता येतो, दोनशे चाळीस. नुसता फायलीत राहील, दाव्यावर परिणाम शून्य. ज्याचा उपयोग नाही त्याचं शुल्क मी भरत नाही. तसं तिला सांगितलं. मग ती म्हणाली की कामगार कार्यालयात वेगळी तक्रार करता येते, मालकाच्या अशा पत्राचा तिथे उपयोग होईल, वर्षं लागतात पण होतं. तिने पत्ताही लिहून दिला. मी विचार करते म्हटलं आणि तिन्ही पानं परत आणली.

या लोकांची गंमत आहे. पैसे कापायला यांना कोणाची परवानगी लागत नाही, आणि माणूस आपण होऊन खरं सांगायला गेला तर घड्याळ दाखवतात. संताप झाला. पण जे करायचं ते मी केलं. गेले होते. कागद हातात घेऊन गेले होते.

घरी येऊन दोन तास झोपले. महिन्याभरात अशी झोप लागली नव्हती.

२४ एप्रिल, गुरुवार

दावा मंजूर. रोलरची दुरुस्ती आणि बंद दिवसांची भरपाई खात्यात जमा. थोरलीला औषधपाण्याचा खर्च, हाताच्या रकान्यात आडवी रेघ.

भावजींना मी सांगितलं की थोरलीला दर महिन्याला काहीतरी द्यायला हवं. ते लगेच हो म्हणाले. किती, हा आकडा मात्र दोघांनीही काढला नाही. शेवटी ते म्हणाले, बघू, आधी हॉटेलचा पहिला महिना जाऊ दे.

कामगार कार्यालयाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पिशवीत आहे.

२८ एप्रिल, सोमवार

धाकटी कामावर आली. मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली, सात वाजता, नेहमीसारखी. रोलरच्या पलीकडच्या कोपऱ्यावर मी कपडे वाळवणारीला उभं केलं आहे, तिचा अजून हात बसलेला नाही. धाकटीने तिला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा काही न बोलता तिचा कोपरा स्वतः ओढून सरळ केला.

डब्याच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या, ती उशांचे अभ्रे मोजत आतच थांबली. मी विचारलं, ताई कशी आहे. बरी आहे, म्हणाली. डाव्या हाताने भांडी घासते आता, थोडा वेळ लागतो. मी म्हटलं, हो, सवयीने होईल.

तिने अभ्र्यांची थप्पी एका बाजूला ठेवली.

"ताईला पण ते मेसेज येत होते, बाई."

मी विचारलं, कुठले.

"तुम्हाला येत होते तेच. दोन्हीकडे जातात. तिला एका हाताने फोन नीट धरता येत नाही, म्हणून सकाळी मी वाचून दाखवायचे. सात. सहा. पाच." ती दुसरी थप्पी मोजू लागली होती, बोलताना थांबली नाही. "तीन झाले त्या दिवशी मी म्हटलं, मी जाऊन बाईंना सांगून येते. तर नको म्हणाली. बाईंना आठवण करून द्यायला जायचं नसतं, म्हणाली."

मी वही पुढे ओढली.

"शेवटच्या दिवशी माझ्याकडून केस विंचरून घेतले. बाई त्या कार्यालयातून परस्पर आपल्या घरी येतील सांगायला, म्हणून. सहापर्यंत दाराकडे तोंड करून बसली होती. मग उठली, चूल पेटव म्हणाली."

अभ्रे एकशे चव्वेचाळीस भरले. तिने आकडा मला सांगितला, मी वहीत लिहिला. मग मी म्हटलं की रोलर तापला आहे, बायका आल्या की सुरू करा. ती गेली.

सतरा तारखेला मी गेले होते, हे तिला सांगायचं राहून गेलं. उद्या सांगेन.